टीव्हीतल्या बाईची शाब्बासकी

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवरून तुमचं वाचनाचं अ‍ॅप दाखवत होतात. रेवाने शब्द वाचायच्या आधीच तुमचं मांजर टॅबलेटवर जाऊन बसलं, आणि आतली बाई आनंदाने किंचाळली, "ऑसम! यू आर अ स्टार!" तुम्ही दोघं हसलात. मी मात्र इतकी हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ईशानने काळजीने विचारलं, "आजी, आर यू ओके?"

मी अगदी ओके होते, बाळा. मला फक्त एका म्हशीची आठवण झाली होती.

ती म्हैस काय, हे फोनवर सांगायला गेले असते तर तुमची झोपायची वेळ टळली असती. म्हणून लिहून काढते आहे. इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचाही 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असा दोनदा निरोप आला होता. त्यांना कळवलं, मी नातवंडांना लिहिते, बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं. तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल. गावाकडची वाक्यं तिने गावाकडच्याच सुरात वाचावीत, शुद्ध करू नयेत, एवढी अट आहे.

तुम्हाला माहीत असलेली आजी म्हणजे सांगलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी. मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथल्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, ही पहिली. मुलाने उत्तर दिलं की त्याचं लगेच कौतुक करावं, ही दुसरी. पहिलीने माझा संसार सरळ चालला. दुसरीने काय केलं ते पुढे येतंच.

निवृत्तीनंतर साताऱ्याच्या एका संस्थेने मला बोलावलं. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी ते ऑनलाइन धडे तयार करत होते. खेड्यातल्या शाळेत पुष्कळदा एकच शिक्षक असतो आणि वर्ग चार. गुरुजी तिसरी-चौथीला शिकवत असताना पहिली-दुसरीने काय करायचं? तर त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीत धडा बघायचा. तो धडा लिहायचा, बोलायचा आणि पडद्यावर दिसायचंही काम माझं. ते कापून, जोडून, चित्रं घालून पक्कं करायचं काम साताऱ्यातल्या अफसानाचं. ही मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली की तिच्याशी फक्त चहाच्या बाबतीत बोलावं.

धडा बनवणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. आधी सगळं लिहून काढायचं. मी रेघा मारून दोन रकाने करायची, डावीकडे मी काय बोलणार आणि उजवीकडे मुलं काय बोलणार. मग आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीत खिडकीला गादी उभी करायची, पंखा बंद, फ्रिज बंद. तुमचे आजोबा फाटकात उभे. भंगारवाला आला की त्याला पुढच्या गल्लीपर्यंत सोबत करायची, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मला हाताने थांबवायचं, ही त्यांची ड्यूटी. एकदा ते भंगारवाल्याशी बोलत इतके लांब गेले की येताना घरचा जुना पंखा विकून आले.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे उत्तरासाठी सोडायची जागा. प्रश्न विचारायचा, "किती झाले बरं?" आणि गप्प राहायचं. टेबलाखाली बोटांवर चार मोजायचे. तेवढ्यात तिकडे मुलं उत्तर देणार. मग हसून म्हणायचं, "शाब्बास! अगदी बरोबर!" माझ्या प्रत्येक धड्यात हे ठरलेलं होतं. रिकाम्या खोलीत, गादीकडे बघत, मी दिवसभर शाब्बास म्हणत असे.

ते धडे आम्ही संस्थेच्या साइटवर चढवायचो. जिथे रेंज असेल तिथे उभं राहून गुरुजी ते उतरवून घ्यायचे, पेनड्राइव्हमध्ये भरायचे आणि शाळेतल्या टीव्हीला लावायचे. म्हणजे एकदा पेनड्राइव्हमध्ये गेलेला धडा माझ्या हातातून सुटला. पुढे तो बदलायचा तर गुरुजींनी पुन्हा रेंजपर्यंत जायला हवं. हे ध्यानात ठेवा.

आमची गिऱ्हाइकंही एकेक नग होती. पाटणच्या डोंगरातल्या एका गुरुजींनी आषाढात फोन केला. "मॅडम, पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की तुमचे नुसते ओठ हलताना दिसतात. पोरं तुमच्या तोंडी आपापले डायलॉग घालतायत. बिनआवाजाचा धडा मिळेल का?" मग मी पाटणसाठी मुका धडा केला. बेरीज हातवाऱ्यांनी, वजाबाकी मुद्रेने. तुमचे आजोबा दारात उभे राहून तो सगळा बघत होते. म्हणाले, "याची एक कॉपी घरात ठेवू या."

पलूसच्या एका आईचा निरोप आला, तो तर मी तिच्या आवाजात जपून ठेवला आहे. "बाई, तुमी टीव्हीत 'वही काढा' म्हणला की आमचं पोरगं वही काढतंय. मी घसा फोडला तरी ऐकत न्हाई. तुमच्या आवाजात 'दूध पी' एवढं बोलून पाठवा की." मी पाठवलं. पोराने दूध प्यायलं. चार दिवसांत 'नखं काप', 'आंघोळीला चल' आणि 'मामाच्या लग्नात रडू नको' अशा मागण्या आल्या. मी सगळ्या पुरवल्या. अफसाना म्हणाली, "मॅडम, आता फक्त नवऱ्यांसाठी चालू करा, संस्था पैशात लोळेल."

तर अशी माझी चलती होती. आणि सगळ्यात गोड फोन यायचे ते माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या माने गुरुजींचे.

ही वस्ती दहिवडीपासून बरीच आत, मेंढरं पाळणाऱ्यांची. पाऊस नावापुरता. कर्ते पुरुष बरेचसे मुंबईला, आणि दिवाळीनंतर अर्धीअधिक घरं मेंढरं घेऊन बाहेर पडणारी. म्हणजे मुलं शाळेत नीट सापडायची ती जूनपासून दिवाळीपर्यंत. चार वर्गांना मिळून माने गुरुजी एकटे. संस्थेने काही शाळांना टीव्ही दिले होते, त्यातला एक यांच्याकडे होता, पण तो वर्षाच्या बोलीवर. वर्ष भरत आलं की संस्थेचे पाहुणे येऊन बघणार; टीव्ही नीट वापरात असेल तर कायमचा शाळेचा, नाहीतर काढून दुसऱ्या शाळेला.

"म्याडम," माने गुरुजी म्हणायचे, "ह्यो टीव्ही न्हाई, माझा दुसरा मास्तर हाय. पोरं जागची हलत न्हाईत. तुमचा धडा लागला की उड्या मारत येत्यात. मधल्या सुट्टीत बी तुमचाच धडा मागत्यात."

मधल्या सुट्टीत गणिताचा धडा मागतात! इंग्रजीच्या बाईने आयुष्यात ऐकलेलं सर्वात मोठं कौतुक होतं ते. सकाळी फिरायला येणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना मी ते सांगितलं. दोघींना दोनदा सांगितलं.

दसरा जवळ आला आणि पाहुण्यांची तारीख ठरली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, आधी आपण जाऊन यावं. साताऱ्याहून अफसानाला घेतलं आणि संस्थेच्या गाडीने वस्तीवर गेलो. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक कडुलिंब आणि एक पाण्याचं पिंप. आतून माझाच आवाज येत होता. स्वतःचा आवाज दुरून ऐकताना माणूस जरा ताठ चालतो. मी पदर सारखा केला आणि दाराशी, कुणाला न दिसेल अशी उभी राहिले.

टीव्हीतली मी विचारत होते, "कळपात सहा मेंढ्या आहेत. आणखी तीन आल्या. किती झाल्या बरं?"

पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "म्हैस!"

टीव्हीतली मी प्रसन्न हसले. "शाब्बास! अगदी बरोबर!"

वर्ग आडवा झाला. गडगडाट म्हणजे काय तो मी त्या दिवशी ऐकला.

"आता सांगा, दहातून चार गेले. किती उरले?"

एक काटकुळा पोरगा उठला. "भगवानतात्याची मिशी!"

"शाब्बास! अगदी बरोबर!"

"पाच दुणे?"

"इष्टीचा भोंगा!"

"शाब्बास! अगदी बरोबर!"

अफसाना माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके दिल्यासारखी हसत होती. मी मात्र शेजारच्या खोलीकडे पाहिलं. दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथीला शिकवत असलेल्या गुरुजींना इकडे नुसता हशा आणि शाब्बास ऐकू येत होतं. त्यांना वाटायचं, रमली पोरं. आणि पोरं खरंच रमली होती. का, ते आता मला कळलं होतं.

तेवढ्यात एका चिमुरडीने मागे वळून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. ती हळूच म्हणाली, "आवं बाई, तुमी टीव्हीतनं भाईर कवा आलासा?"

दुसरा म्हणाला, "मग आत कोण हाय?"

मी आत गेले आणि आधी नावं विचारली.

म्हैस म्हणणाऱ्या मुलीचं नाव सारिका, तिसरीतली. तिसरीची असून पहिली-दुसरीच्या खोलीत ती काय करत होती, हे विचारल्यावर म्हणाली, "गडी कमी पडत्यात." मी एवढी हबकले होते की पुढे काही विचारलंच नाही. माने गुरुजी आले, त्यांना सगळं कळलं, आणि ते बाकावर मटकन बसले.

"म्हणजे एवढं महिनं पोरांनी नुसती मज्जा केली व्हय?" ते म्हणाले. "म्याडम, आता टीव्ही जातोय. ह्या खोलीतनं त्या खोलीत पळायचं माझं वय न्हाई ऱ्हायलं."

मी अफसानाकडे पाहिलं. "सगळ्या धड्यांतली शाब्बास काढून टाकता येईल?"

"येईल. दिवाळीच्या पुढच्या दिवाळीला."

शेवटी अफसानानेच तोड सुचवली. पाहुण्यांसमोर प्रश्न झाला रे झाला की गुरुजींनी रिमोटने धडा थांबवायचा. मग त्यांनी स्वतः मुलांना उत्तर विचारायचं, बरोबर आलं की पुन्हा चालू करायचा. म्हणजे शाब्बास बरोबर उत्तराच्या मागून येईल. आम्ही तशी तालीम घेतली. गुरुजींनी पोरांना बजावलं, "मी थांबवलं की खरं उत्तर द्यायचं. कळलं का?"

"आन न्हाई थांबवलं तर?" सारिकाने विचारलं.

"थांबवणारच हाय मी."

तालमीत रिमोटने काम चोख केलं. गुरुजी पिस्तुलासारखा तो टीव्हीवर रोखायचे आणि मी तोंड उघडं ठेवून थांबायची. आम्ही निघालो तेव्हा मी जरा निश्चिंत होते. फक्त एक काटा राहिला होता. तालमीसाठी आम्ही एकच धडा घेतला, त्याची उत्तरं पोरांनी पाठ केली असणार. एवढ्या महिन्यांत म्हशीखेरीज त्यांच्या डोक्यात काय गेलं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मध्ये खंडेनवमी आली. तुम्हाला आई सांगेल, त्या दिवशी आपण ज्याच्यावर पोट भरतो त्या वस्तूंची पूजा करतो. कोयता, नांगर, शिलाईचं मशीन, गाडी. शाळेत पाट्यांची पूजा होते. ही पूजा वस्तीवरच्या शाळेत दरवर्षी मुलंच करत. ते एक वाक्य इथे ठेवते आणि पुढे जाते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. संस्थेच्या वतीने शाळा बघायचं काम पलूसकडच्या एका निवृत्त सुभेदारांकडे होतं. उसाची शेती, मिशा वर वळवलेल्या, पायात बूट चकाकते. माणूस सरळ होता, पण 'डिसिप्लिन' हा शब्द त्यांना श्वासासारखा लागायचा. त्यांनी आधी पिंप बघितलं, मग कडुलिंबाचं आळं, मग पोरांच्या रांगा. "व्हेरी गुड. आता टीव्हीचा कार्यक्रम दाखवा."

माने गुरुजींनी पेनड्राइव्ह लावला; तो लावला की धडा आपोआप सुरू व्हायचा. घाईत हाताला दुसराच पेनड्राइव्ह लागला होता, पाढ्यांच्या धड्याचा. तालीम झालेला नव्हे. मी मागच्या बाकावर, अफसाना शेजारी. तिने माझा हात धरला.

टीव्हीतल्या मी विचारलं, "सात त्रिक किती बरं?"

गुरुजींनी रिमोट रोखला, बटण दाबलं. टीव्ही थांबला नाही. पुन्हा दाबलं. रिमोट तळहातावर आपटला. सेल काढून घातले, उलटे घातले, सुलटे घातले. चाराची जागा संपली. वर्गात कुणी चकार शब्द काढला नाही.

"शाब्बास! अगदी बरोबर!" मी शांततेला म्हणाले.

सुभेदारांनी भुवई वर केली. "कुणाला शाब्बास?"

"सहा चोक?"

सारिकाने गुरुजींकडे पाहिलं. ते रिमोटला फुंकर मारत होते. टीव्ही थांबत नव्हता. मग तिने मान डोलावली, जशी कप्तानाने डोलवावी, आणि उभी राहिली.

"टरबूज!"

"शाब्बास! अगदी बरोबर!"

सुभेदारांचं पेन कागदावर थबकलं.

"पाच नव्वे?"

"शिंगराची शेपूट!"

"शाब्बास! अगदी बरोबर!"

"चार साते?"

"साहेबांचं बूट!"

"शाब्बास!"

पोरांना चेव आला होता. माने गुरुजी टीव्हीपुढे आडवे उभे राहिले, तर त्यांच्या पाठीमागून माझा आवाज येतच राहिला. मी डोळे मिटले. मला दिसत होतं, टीव्ही भिंतीवरून उतरतोय, गाडीत चढतोय, आणि माने गुरुजी त्या खोलीतून या खोलीत पळतायत.

"आठ पंचे?" टीव्हीतली मी गोड आवाजात म्हणाले.

आणि सुभेदारांना राहवलं नाही. बाकावर थाप मारून ते ओरडले, "अरे चाळीस! चाळीस! कुणाला येत न्हाई काय?"

"शाब्बास! अगदी बरोबर!"

सगळा वर्ग एका सुरात किंचाळला, "बाऽऽद! साहेब बाऽऽद!"

टाळ्या, बाकांवर थापा. काटकुळा पोरगा दोन्ही हातांनी पिंपाकडे बोट दाखवत होता. "पिंपाकडं! साहेब, पिंपाकडं जावा!"

"व्हॉट इज धिस?" सुभेदार म्हणाले. मला वाटतं सैन्यातून आल्यापासून त्यांना कुणी पिंपाकडे पाठवलं नसावं.

सारिका पुढे आली. अजिबात न घाबरता, नव्या गड्याला नियम समजवावेत तसं तिने समजावलं. "आवं साहेब, खरं उत्तर दिलं की बाद. बाद झाला की पिंपाकडं जाऊन हुबं ऱ्हायचं. दुसऱ्याचं उत्तर परत द्यायचं न्हाई. ऱ्हाईल त्यो जिकला. तुमी खरं बोलला."

"खोटं बोलायचा खेळ हाय काय हा?"

"व्हय."

"मग खरं उत्तर तुला ठावं तरी हाय का?"

सारिकाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळू नये. "ठावं नसंल तर चुकायचं कसं? चुकून खरंच निघंल की तोंडातनं!"

मी डोळे उघडले.

सुभेदार मान वाकडी करून म्हणाले, "नऊ साते?"

"त्रेसष्ट."

त्यांनी काटकुळ्याकडे बोट केलं. "तू. आठ सक?"

"अट्ठेचाळीस."

"बारातून सात?" हे त्या चिमुरडीला, जिने मला टीव्हीतून बाहेर आलेली पाहिली होती. तिने बोटंसुद्धा वापरली नाहीत. "पाच. पण ह्ये सोपं हाय."

मागे टीव्ही आपला बडबडत होता, इकडे ते रांगेने विचारत गेले. फटाफट उत्तरं येत होती. दोघे अडकले, पण शेजारच्यांनी कोपर मारून त्यांना उत्तर सुचवलं नाही, कारण तेवढ्यात तिसऱ्याला आपली पाळी हवी होती. पहिलीची पोरं दुसरीच्या बेरजा सांगत होती, कारण खेळात टिकायचं तर दुसऱ्याला पडणाऱ्या प्रश्नाचंही उत्तर माहीत असायला लागतं. माने गुरुजी भिंतीला टेकले होते. त्यांच्या हातातला रिमोट अजून टीव्हीवर रोखलेला होता.

शेवटच्या पोराचं झाल्यावर सुभेदारांनी बूट जुळवले, उजवीकडे वळले आणि चालत जाऊन पिंपाशेजारी उभे राहिले.

"मी बाद हाय न्हवं?" ते म्हणाले. "रूल म्हंजे रूल. चालू करा पुढचा डाव."

पुढच्या डावात त्यांना पुन्हा घेतलं. 'तीन आठे'ला त्यांनी 'रायफल' म्हटलं आणि स्वतःवरच इतके खूश झाले की पुढच्या प्रश्नाला नकळत खरं बोलून गेले. पुन्हा पिंप. तिसऱ्या डावाला त्यांनी ड्रायव्हरला आत बोलावलं, आपण एकटेच बाद का व्हावं म्हणून.

जाताना ते माझ्याजवळ आले. "म्याडम, आत तुम्हीच बोलता ना?"

"हो. ती शाब्बास आम्ही लवकरच काढून टाकणार आहोत," मी घाईने म्हणाले.

"काढली तर बघा," सुभेदार म्हणाले. "टीव्ही हितंच ऱ्हाईल. मी लिहितो तसं. पण ती शाब्बास बी हितंच ऱ्हाईल."

गाडी गेली आणि माने गुरुजींनी सुस्कारा टाकून खिशातला रुमाल काढला. टीव्हीच्या खालच्या कडेला काहीतरी लाल दिसत होतं, ते सहज पुसलं. हातातल्या रिमोटचं बटण दाबलं गेलं, आणि टीव्हीतली मी 'शाब्बा'वर थांबले.

अफसाना उठून टीव्हीजवळ गेली.

"इथं काय होतं?" तिने विचारलं.

"कुकू," सारिका म्हणाली. "खंडेनवमीचं. टीव्हीची पूजा केली की आमी."

रिमोटचा इशारा टीव्ही जिथून ओळखतो, ते इवलंसं काळं डोळ्यासारखं ठिकाण. नेमकं त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर तांदूळ, असा जाडजूड टिळा.

"अगं, पण एवढ्या मोठ्या टीव्हीवर नेमकं तिथंच का लावलंस?" मी विचारलं.

"मग त्याचं कपाळ कुटं असतं?" सारिका म्हणाली. "जितं दिवा लागतोय तितंच जीव असणार की."

परतीच्या वाटेवर अफसाना आणि मी साताऱ्यापर्यंत काही धड बोललो नाही, कारण एकीने तोंड उघडलं की दुसरी म्हणायची, "टरबूज."

आता जरा खेदाची गोष्ट, कारण तुम्हाला पूर्ण सांगायची तर तीही सांगितली पाहिजे. मला तो खेळ इतका आवडला की मी तो सगळ्या शाळांसाठी करायला घेतला. तुमची आजी ती! नियम लिहिले, रकाने आखले, 'चुकीची उत्तरं देण्याच्या सूचना' असा वेगळा भाग केला. तो धडा पलूसच्या एका नेटक्या शाळेत पहिल्यांदा लावला. टीव्हीतल्या मी सांगितलं, "मुलांनो, आता गमतीने चुकीचं उत्तर द्या. आठ पंचे किती?" मुलं एका सुरात म्हणाली, "चाळीस, बाई." पुन्हा सांगितलं, पुन्हा चाळीस. एका मुलाने मोठ्या धीराने 'एकेचाळीस' म्हटलं आणि शिक्षिकांकडे बघून खाली बसला. बाईंनी सांगितलेला खोडसाळपणा कुणाला हवा असतो? तो धडा कुणी दुसऱ्यांदा उतरवून घेतला नाही. वस्तीवरच्या पोरांना तो खेळ मी दिलेला नव्हता, म्हणून तो त्यांचा होता. हे मला आधी उमगलं असतं तर मी पाटणसाठी आणखी दोन मुके धडे केले असते. तिथे पोरं माझ्या तोंडी काय घालत होती, ते ऐकायला मी कधी गेलेच नाही. ते राहून गेलं.

पुढे संस्थेने साइट बंद केली. आता शाळांसाठी नवे धडे आहेत, त्यात हत्ती नाचतात, अक्षरं उड्या मारतात, आणि मुलाने खरंच काय उत्तर दिलं ते ऐकून त्यांना चूक-बरोबर कळतं म्हणे. चांगलं आहे. अफसाना पुण्याला असते, तसलेच धडे करते, आणि तिकडे एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की मोबाइलवरून मला एक टरबूज पाठवते. मागच्या खोलीच्या खिडकीवरची गादी काढली. आजोबांनी फाटकातली ड्यूटी मात्र सोडलेली नाही, भंगारवाल्याशी त्यांची आता मैत्री आहे.

माने गुरुजी निवृत्त झाले. यंदाच्या दसऱ्याला त्यांचा फोन आला होता, सोनं घ्या म्हणायला. मी वस्तीवरच्या शाळेची चौकशी केली. नव्या बाई आल्या आहेत, चांगल्या आहेत. सारिका दहिवडीला हायस्कुलात जाते. बाकीचं त्यांनी जसं सांगितलं तसं तुम्हाला कळवते.

टीव्ही त्याच भिंतीवर आहे. पेनड्राइव्ह चालतो. पिंप बदललं, पण बाद झालेला त्याच जागी जाऊन उभा राहतो. आणि खंडेनवमीला टीव्हीला कुंकू लावतात, ते आता मागच्या बाजूला.

तुमची,
आजी